बोडकीचे तीस मीटर

नांदेडच्या आमच्या घरात दिवाणाखाली तीन पायांचं एक स्टँड, एक दुर्बीण आणि उलगडली की छताला टेकणारी आकड्यांची पट्टी ठेवलेली असते. झाडताना दर वेळी माझा झाडू त्या स्टँडला अडकतो आणि दर वेळी मी नवऱ्याच्या नावानं शंख करते. "अहो, हे एकतर माळ्यावर तरी टाका, नाहीतर भंगारात तरी घाला!" पेपरातून मान वर न काढता हे म्हणतात, "हाव, टाकतो." लग्न झाल्यापासून हे 'टाकतो' म्हणून राहिलेत आणि आजवर ह्यांनी घरातला एक खिळासुद्धा टाकलेला नाही.

हे पाटबंधारे खात्यात. सगळी नोकरी कालव्यांत गेली. पाणी कुठून कुठं उतरेल, चारीला ढाळ किती द्यायचा, ह्यातच आयुष्यभर डोकं घातलं. निवृत्ती जवळ आली तेव्हा मला वाटलं, आता हा माणूस जरा मान वर करील, भाजी आणायला लागेल, माझ्याबरोबर चार ठिकाणी हिंडेल. मान वर केली खरी, पण टेकड्यांकडं बघायला.

झालं काय, की ह्यांना मोबाइलवर कुठंतरी वाचायला मिळालं. साता समुद्रापलीकडं वेल्स म्हणून एक चिमुकला देश आहे. तिथली काही माणसं छोट्या छोट्या टेकड्यांच्या याद्या करतात. मोठमोठे डोंगर नव्हेत, आपल्या माळावर असतात तसल्या टेकड्या. त्या पुन्हा पुन्हा मोजतात. एखादी थोडकी कमी भरली की यादीतून काढतात, दुसरी भरली की घालतात, आणि सुधारलेली यादी परत लोकांपुढं ठेवतात. हे जेवता जेवता मला म्हणाले, "आपल्या नांदेड-लातूरच्या टेकड्यांची अशी यादी कुणी केली असंल का गं?"

मी म्हटलं, "कुणी रिकामं आहे का एवढं?"

"तेच म्हणतो मी," हे म्हणाले, "कुणीच केली नाही." आणि खूश होऊन अजून अर्धी भाकरी मागून घेतली.

ह्या यादीत साधी उंची चालत नाही. हे कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. ह्यांचं म्हणणं, समुद्रापासूनची उंची ही उसनी उंची. आपला सगळा मुलूखच पठारावर, त्यामुळं लातूरच्या रस्त्यावरचा खड्डासुद्धा समुद्राच्या वर पाच-सहाशे मीटर. त्याला काय डोंगर म्हणायचं? बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर म्हणतं मी सगळ्यात उंच, तसली ही गोष्ट. बघायचं ते टेकडीचं स्वतःचं अंग किती. त्याला ह्यांनी नाव दिलं 'उठाव'.

मी शाळेत गणित शिकवते. मला नीट कळल्याशिवाय चैन पडत नाही. चार दिवस ह्यांचं डोकं खाल्ल्यावर मला ते असं समजलं. समजा पूर आला आणि पाणी चढतच गेलं. चढता चढता ज्या घडीला टेकडी शेजारच्या मोठ्या माळापासून तुटून बेट होईल, त्या घडीला ती पाण्यावर जेवढी उरेल तेवढा तिचा उठाव. जिथं ती तुटते ती जागा म्हणजे खिंड. म्हणून टेकडी दोन ठिकाणी मोजावी लागते, माथ्यावर आणि खिंडीत. माथ्यावर सगळेच जातात. खिंडीत कुणी जात नाही, कारण तिथं बघण्यासारखं काहीच नसतं. कुणाचं तरी शेत, चार बाभळी आणि एक भुंकणारं कुत्रं. आमचे हे निम्मा रविवार खिंडीत काढतात. उठाव तीस मीटर भरला तर टेकडी यादीत, कमी भरला तर बाहेर. तीसचा हा नियमही तिकडूनच उचललेला.

गावोगाव आमची काय शोभा झाली म्हणता! दुर्बीण दिसली की माणसं गोळा होतात. पहिला प्रश्न, "रस्ता कुठून चाललाय?" दुसरा, "मुरूम किती निघंल?" आमच्याकडं टेकडीकडं टक लावून बघणारा माणूस म्हणजे ठेके घेणारा गुत्तेदारच, दुसरं कुणी असूच शकत नाही. हे आपले समजावून सांगायचे, नुसतं मोजायला आलोय म्हणून.

"मोजून काय करणार?"

"यादीत लिहिणार."

"लिहून?"

"परत मोजणार."

लोह्याच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "बाई, कवापासून हाय ह्यांना असं?" मी म्हटलं, "लई दिवस झाले बाबा, दवाखाने करून थकलो." म्हाताऱ्यानं ह्यांच्याकडं इतक्या मायेनं बघितलं की हे परत येईपर्यंत गाडीत माझ्याशी बोलले नाहीत.

देगलूरकडं गेलो तेव्हाची गोष्ट तर मी अजून पाहुण्यारावळ्यांत सांगते. तिकडं तेलुगू, कानडी, मराठी सगळं एकात एक. हे पहिल्या टेकडीखाली थांबले, शेतातल्या माणसाला विचारलं, "ह्या टेकडीला काय म्हणतात?" तो म्हणाला, "गुट्टा." ह्यांनी लिहिलं, गुट्टा. दुसऱ्या गावात विचारलं, तिथंही गुट्टा. तिसऱ्याही गावात तेच. हे हरखून गेले, म्हणाले, "बघ, किती जुनं नाव असंल, तीन-तीन टेकड्यांना एकच!" शेवटी चहाच्या हॉटेलात एका माणसानं सांगितलं की तेलुगूत गुट्टा म्हणजे टेकडीच. हसून हसून माझा चहा सांडला. हे खाली मान घालून खोडत बसले.

अर्धापूरलाही नेलं होतं मला. मोबाइलच्या नकाशात ह्यांना काहीतरी उंचवटा दिसला होता. दिवसभर केळीच्या बागांतून हिंडलो. पानांपलीकडचा माणूस दिसत नव्हता तिथं टेकडी कुठली दिसायची! शेवटी उंचवटा सापडला, तो निघाला एका विहिरीतून उपसलेल्या मातीचा ढिगारा. येताना बागवाल्यानं एक फणी केळी दिली, तेवढीच त्या दिवसाची कमाई.

पण एक सांगते, नियमाला माणूस पक्का. मुखेडच्या बाजूच्या एका गावात टेकडीच्या माथ्यावर नवं देऊळ झालं होतं, चांगला उंच ओटा घातलेला. गावकऱ्यांना यादीचं कळलं तेव्हा त्यांनी आग्रह धरला, ओट्यावरून मोजा, कळसावरून मोजा. हे म्हणाले, "देवाची उंची आम्ही मोजत नाही. माणसानं घातलेली भर धरायची नाही, मूळची जमीन धरायची." ओट्याच्या कडेला उघडा खडक होता, तिथं पट्टी धरून मोजलं. ती टेकडी हातभरानं कमी पडली. गावानं आम्हाला चहासुद्धा विचारला नाही.

यादीत टेकडीचं नाव, गाव, माथा, खिंड, उठाव असे रकाने आहेत आणि शेवटचा रकाना आहे 'कुणी दाखवली'. ज्यानं वाट दाखवली, नाव सांगितलं, त्याचं नाव तिथं लिहायचं. गुराखी, पोलीस पाटील, शाळेतले सर, चहावाला. ही मात्र ह्यांची स्वतःची अक्कल, वेल्सवाल्यांची नव्हे. आणि त्या सगळ्या पुरुषांच्या गर्दीत एका टेकडीपुढं माझं नाव आहे.

ती टेकडी म्हणजे बोडकी. माझं माहेर चाकूर तालुक्यात, आणि आमच्या मागच्या दारातून समोर दिसते ती बोडकी. अंगावर झाड म्हणून नाही, म्हणून हे नाव. शाळेतून आले की दप्तर ओट्यावर फेकून मी वर पळायची. आई खालून हाका मारून दमायची. वरून सगळं गाव ताटात वाढल्यासारखं दिसायचं आणि कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची म्हैस सुटली, हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. आई म्हणायची, हिला सासरी पाठवायचं तर बोडकीसुद्धा आंदण द्यावी लागंल. आंदण काही मिळाली नाही, पण ह्यांनी यादी सुरू केली तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "पहिली टेकडी माझ्या माहेरची. नाहीतर स्वयंपाक तुम्ही करा." नकाशावरून ह्यांनी उठाव काढला, तीसच्या थोडा वर निघाला, आणि बोडकीपुढं ह्यांनी स्वतःच्या हातानं माझं माहेरचं नाव लिहिलं. माहेरचं आडनावसुद्धा. लग्नानंतर ते मी कुठंच लिहिलं नव्हतं.

आता ह्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. तर सांगते. वडील गेल्यावर मी हक्कसोड करून दिलं. म्हणजे बापाच्या जमिनीतला लेकीचा हिस्सा भावाच्या नावे सोडून दिला. आमच्याकडं बहुतेक लेकी देतात. तालुक्याला गेलो, सही केली, धाकट्या भावानं चहा पाजला, भावजयीनं साडीचोळी केली. मी हसत सही केली, कुणी जबरदस्ती केली नाही आणि त्या सहीचं मला आजही वाईट वाटत नाही. पण सातबाऱ्यावरून नाव गेलं आणि मग रेशनकार्डावर नाही, मतदारयादीत नाही, गावातल्या कुठल्याच कागदावर मी नाही असं झालं. मी त्या गावात जन्मले हे आता फक्त ह्यांच्या यादीत लिहिलेलं आहे, बोडकीच्या समोर. ती बोडकी यादीतून गेली की मीही गेले.

आणि ती गेलीच. नकाशावरचे आकडे कच्चे असतात म्हणून ह्यांनी सगळ्या टेकड्या दुर्बिणीनं परत मोजायला काढल्या. पावसाळा सरता सरता बोडकीवर आलो. दुर्बिणीशी हे, आणि पट्टी धरायला मी. बोडकीच्या पायथ्यापासून मागच्या मोठ्या माळापर्यंत जमिनीची एक सोंड जाते, तिच्या एका अंगाला माझ्या भावाचं शेत, दुसऱ्या अंगाला चुलतभावाचं. सोंडेवरून दोघांच्यामधला धुरा जातो, धुरा म्हणजे शेताचा बांध. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा पाणी जिकडं उतरेल तिकडची जमीन ज्याची त्याची असं ठरलं होतं. सोंडेवरची सगळ्यात खोलगट जागा ती खिंड. ह्यांनी लांबून हात केला, मी तिथं पट्टी उभी धरली. मग खिंडीतून माथ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं पट्टी वर, दुर्बीण मागोमाग. माझा घाम निघाला. माथ्यावर ह्यांनी बेरीज केली, परत केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "एकोणतीस."

"एकोणतीस आणि?"

"आणि थोडं. तीस नाही."

मी म्हटलं, "घाला की तीस. कोण बघायला येणार आहे?" हे म्हणाले, "मुखेडवाल्यांना काय सांगू मग?" आणि घरी आल्यावर खरंच बोडकीवर रेघ मारली. तिच्यावरून, आणि ओघानं माझ्या नावावरून. मी बघत होते. मला इतकं रडू आलं की माझं मलाच नवल वाटलं. त्यानंतर मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. भाजी अळणी केली, ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली. चहात साखर घातली नाही, तोही प्याले. रेघ मात्र काही खोडली नाही.

असे बरेच दिवस गेल्यावर एकदा मी मोबाइलमधले फोटो बघत होते. मोजणीच्या दिवशी शेतात आलेल्या भावजयीनं माझा एक फोटो काढून पाठवला होता. पट्टी धरून मी उभी, तोंड एवढंसं झालेलं. दोन्ही अंगांना सोयाबीन, आणि ते माझ्या पावलांच्याही खाली. मी बघतच राहिले. मग उठून तो मोबाइल ह्यांच्या पेपरावर आदळला.

"अहो, मी धुऱ्यावर उभी आहे!"

"मग?"

"मग काय मग! धुरा देवानं घातलाय का?"

ह्यांनी चष्मा लावला. फोटो दोन बोटांनी मोठा करून माझ्या पावलांपाशी आणला. चूक कशी झाली ते मला बघताक्षणीच कळलं होतं. शेतकऱ्याची लेक उभ्या पिकात पाय टाकत नाही. चालायला लागल्यापासून ऐकलेलं असतं, धुऱ्यावरून चाल, पिकात जाऊ नको. ह्यांनी खिंडीत उभं राहायला सांगितलं आणि माझे पाय आपोआप धुऱ्यावर चढले. आणि तो धुराही साधा नव्हे. शेतातले दगड वेचून दोन्ही घरांनी पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर टाकलेले. वडील आणि काका गेल्यावर भाऊ म्हणायला लागला चुलतभाऊ धुरा कोरतो, चुलतभाऊ म्हणायला लागला भाऊ कोरतो. दोघांची बोलाचाली बंद. मग दोघांनी आपापल्या बाजूनं अजून दगड रचले. भांडण वाढलं तसा धुराही वाढला, त्याच्यावरून मोजलेली खिंड तेवढी वर आली, आणि बोडकी बिचारी फुकटची बुटकी झाली.

"धुऱ्याच्या कडेला शेतात पट्टी धरली तर?" मी विचारलं.

"न्हाई चालणार. तुझ्या भावानं तलावातला गाळ टाकलाय त्याच्या बाजूला. चुलतभावाच्या बाजूची जमीन नांगरून उतरलीय. मूळ जमीन उरली असंल तर धुऱ्याच्या बुडाखालीच." ह्यांनी चष्मा काढला. "धुरा फोडून बघावा लागंल."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं धुऱ्याला हात लावणं म्हणजे काय, हे पाटबंधाऱ्यातल्या माणसाला काय कळणार! धुऱ्यापायी डोकी फुटतात, कोर्टात पोरांची लग्नं खोळंबतात.

येळवस आली. वेळ अमावस्येला लातूरकडं गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची आणि येईल त्याला जेवू घालायचं. ओळखीचा असो नसो, वाटसरूलासुद्धा हाक मारून बसवायचं. भज्जी, उंडे, खीर, मडक्यातली आंबील. भावाच्या कोपीत आम्ही बसलो होतो. धुऱ्यापलीकडं चुलतभावाची कोप. त्यांचं हसणं इकडं ऐकू येत होतं, आमचं तिकडं जात होतं, आणि दोन्हीकडची माणसं पलीकडं कुणी राहतच नाही अशा थाटात जेवत होती.

जेवणं व्हायच्या आधीच हे धुऱ्यावर चढून टेप लावायला लागले. पलीकडून चुलतभावानं हाक मारली, "दाजी, आंबील पिऊन जावा की! येळवस हाय." आमचे हे सरळमार्गी. हाव म्हणाले, पलीकडं उतरले, कोपीत मांडी घालून बसले आणि दोन वाट्या आंबील प्याले. माझ्या भावाचा घास हातातच राहिला. मला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. हे तिकडं बसून चुलतभावाला उठाव, खिंड, वेल्स सगळं समजावून सांगत होते. तो मोठ्यांदा म्हणाला, इकडं ऐकू यावं म्हणूनच, "काढा की दाजी धुरा. माझी ना न्हाई. खाली हद्दीचा दगड बी असंल, त्यो बी बघून घिऊ!"

भाऊ ताडकन उठला. "बगितलंस अक्का? ह्याच्यासाठीच! दाजी, धुऱ्याला हात लावायचा न्हाई, सांगून ठिवतो. टेकडी काय खायची हाय का?"

"अरे, एवढंच खोदायचं आहे, परत भरून देऊ."

"न्हाई म्हणलं ना! नसल्या भानगडी. तीस झाली काय अन् एकोणतीस झाली काय, बोडकी कुठं पळून चाललीय का?"

एरवी मी त्याला दोन शब्द जास्तच ऐकवले असते. पण तेव्हा तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "त्या यादीत माझं नाव हाय रे. ह्या गावात माझं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी हाय." म्हणता म्हणता रडूच फुटलं. भावजय खाली बघायला लागली. धुऱ्यापलीकडून चुलतभाऊ वळून इकडं बघायला लागला. भाऊ मडक्यातली आंबील उगाच ढवळत बसला, ती आधीच ढवळून झालेली होती. मला माझाच राग आला. सणासुदीला लेकीनं माहेरी असं रडू नये.

त्या दिवशी मुक्काम तिथंच होता. सकाळी उठून बघते तर भाऊ घरात नाही, दारामागची टिकाव-फावडीही नाहीत. मागच्या दारातून बोडकीकडं बघितलं तर खिंडीत माणूस वाकलेला दिसला. मी ह्यांना हलवून उठवलं. दुर्बीण, स्टँड, पट्टी घेऊन आम्ही जवळजवळ पळतच गेलो. भाऊ घामानं निथळत होता. धुऱ्याचे वरचे दगड त्यानं एकट्यानं बाजूला केले होते. मी विचारलं, "काय रे, कशापायी?" तो म्हणाला, "गप ऱ्हा अक्का, लई काम पडलंय." थोड्या वेळानं चुलतभाऊही आला. पलीकडच्या बाजूनं त्यानंही टिकाव घातला. दोघं एकमेकांकडं न बघता खणत होते, आणि मधनंच हद्दीच्या दगडासाठी दोघांच्याही नजरा खाली.

दगड काही सापडला नाही. एक मोडकं खुरपं आणि बैलाच्या गळ्यातलं गंजलेलं घुंगरू सापडलं, दोन्ही कुणाच्या घरचं ते सांगता येईना. दोघांनाही हायसं वाटलेलं मला दिसत होतं, पण दोघंही तोंडं अशी करून उभे होते जशी काही मोठी केस हरलेत. दगडमातीखाली पिवळट घट्ट मुरूम लागला, कधी नांगर न लागलेला. ह्यांनी खाली बसून त्याच्यावरून हात फिरवला. "ही मूळ जमीन," हे म्हणाले. "धर पट्टी."

मी त्या फटीत उतरले. दोन्ही बाजूंना कमरेएवढा धुरा, मधे मी. पट्टी उभी धरली तर हे लांबून ओरडले, "हलवू नको!" मी म्हटलं, "मी न्हाई हलवत, तुमची दुर्बीण हलतीय!" मग पुन्हा तोच माथ्यापर्यंतचा चढ, टप्प्याटप्प्यानं. भाऊ आणि चुलतभाऊ दोघंही मागोमाग वर आले, दोघांत माणसाएवढं अंतर ठेवून.

माथ्यावर ह्यांनी बेरीज केली. परत केली. मग तिसऱ्यांदा.

"काय ते सांगा की!" भाऊच ओरडला.

"तीस," हे म्हणाले, "आणि वर वीतभर."

मी वळून खालचं गाव बघून घेतलं, तसंच ताटात वाढलेलं. चुलतभाऊ हसला, म्हणाला, "बाईची बोडकी ऱ्हायली म्हणा की!" आणि लगेच भावाकडं न बघताच विचारलं, "आता त्यो धुरा कोण भरणार?" भाऊ म्हणाला, "मी फोडला, ज्याला गरज आसंल त्यानं भरावा." "मला न्हाई गरज." "मला बी न्हाई." तेव्हापासून ती फट तशीच आहे. भरली तर दुसऱ्याच्या शेताला आयती मजुरी केल्यासारखं होईल ना, म्हणून दोघंही हात लावत नाहीत. भावजय सांगते, शेळ्या तिथूनच जायला लागल्यात, आणि हल्ली माणसंही.

खाली आल्यावर हे तिथंच दगडावर कागद घेऊन बसले. रेघ मारलेली बोडकी परत लिहायची होती. नियमाचा माणूस! शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं. "आता 'कुणी दाखवली' मधे काय लिहू? खिंड तर खरी ह्या दोघांनी दाखवली. ह्या दोघांचं नाव..."

"न्हाई दाजी," भाऊ म्हणाला. तो वाकून फावड्याची माती खरवडत होता, वर बघितलं नाही. "अक्काचंच लिवा. सातबाऱ्यावरचं म्याच काढलं. हितलं तरी काढू नका."

हक्कसोड झाल्याला इतकी वर्षं झाली, त्यानं त्याचा शब्द कधी काढला नव्हता. मीही नव्हता. ह्यांनी लिहायला घेतलं. मी पदरानं डोळे पुसले आणि भावावरच ओरडले, "अरे, ते फावडं आधी पाण्यात घाल! वाळली माती तर दोन दिवस निघायची न्हाई!"